"कुणाचा बोकड?" : आपल्या गोठ्यातलं मटण खऱ्या लेबलसकट सोलापुरात विकायचं असेल तर

आमच्याकडं गावात बोकड पडला की पहिला प्रश्न भावाचा नसतोय, "कुणाचा?" हा असतोय. अमक्याच्या वस्तीवरचा, रानात हिंडून चरलेला, दोन दाती, एवढं कळलं की वाटे पडतात, ज्याला पाहिजे तो आपला वाटा उचलतो आणि पैसे बाजाराच्या दिवशी. लेबल नाही, स्टिकर नाही, तरी सगळ्यांना सगळं ठाऊक असतंय कारण तो बोकड लहानपणापासून गावानं बघितलेला असतोय. तेच मटण वीस किलोमीटर गाडीवरून जुळे सोलापूरला किंवा विजापूर रोडला एखाद्या सोसायटीत पोचलं की मग "कुणाचा?" ला उत्तर द्यायला कुणी उरत नाही, उरतंय फक्त पिशवीवरचं स्टिकर.

मी २०२१ पासून उत्तर सोलापूर तालुक्यात शेळ्या करतोय, आधी हेड्याला (जनावरांच्या दलालाला) उक्तं, म्हणजे वजन न करता अंदाजानं, देत होतो, २०२३ पासून स्वतः पॅक करून शहरात देतोय. मधे लय चुका केल्या, एक तर अशी केली की अजून आठवली की कान गरम होतात (ती खाली सातव्या पायरीत सांगतो). नवीन पोरं फोन करून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून काढलं. हे शेळीपालनाचं ट्रेनिंग नाही बरं का. शेळ्या कशा पाळायच्या त्यासाठी कृषी विज्ञान केंद्र आहे, सांगोल्याकडं महूदला शेळी मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथं जा. इथं फक्त एवढंच की मटण कुठलं आहे हे पिशवीवर खरं कसं लिहायचं आणि ते खरं आहे हे दाखवायला जवळ काय ठेवायचं.

१. आधी ठरवा, "आमचं" म्हणजे नेमकं काय

एका बोकडाचे चार मुक्काम असतात. जन्मला कुठं, वाढला कुठं, कापला कुठं, पॅक कुठं झाला. "सोलापूरचं मटण" असं नुसतं लिहिलं तर यातलं काय खरं आहे ते गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि खरी गोची इथंच होते. राजस्थानात जन्मून वाढलेला सिरोही बोकड ट्रकनं आला, इथं कापला, इथं पिशवीत भरला, तर तो सोलापूरचा का? पॅकिंग सोलापूरचं, एवढंच खरं.

हा वाद आपल्याकडचाच आहे असं समजू नका. अमेरिकेत मांसावर मूळ देश लिहायचा नियम २००२ च्या शेती कायद्यात आला, पूर्ण लागू व्हायला २००९ उजाडलं, मग कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत भांडले, जिंकले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या संसदेनं गाईच्या आणि डुकराच्या मांसावरचं बंधन काढूनच टाकलं. शेळी, मेंढी, कोंबडी यांच्यावर मात्र ते राहिलं. त्यानंतर गंमत अशी होती की बाहेरच्या देशातून आलेलं मांस तिथल्या कारखान्यात नुसतं तुकडे करून पॅक केलं तरी त्यावर "प्रॉडक्ट ऑफ यूएसए" लावता येत होतं! तिथले शेतकरी बरीच वर्षं बोंबलत होते. शेवटी २०२४ मध्ये नियम झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून तो शिक्का लावायचा असेल तर जन्म, वाढ, कत्तल, प्रक्रिया चारही तिथंच झालेलं पाहिजे. युरोपात एप्रिल २०१५ पासून शेळी, मेंढी, डुक्कर, कोंबडी यांच्या मांसावर कुठं वाढवलं आणि कुठं कापलं हे दोन्ही वेगवेगळं लिहावं लागतंय.

आपल्याकडं परदेशातून येणाऱ्या पॅकबंद मालावर मूळ देश आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायलाच लागतोय. परदेशी मटण हितं कोण खातंय असं म्हणू नका, २०२२ च्या डिसेंबर अखेरीला ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार लागू झाला तेव्हा तिथून येणाऱ्या मेंढीच्या मांसावरचा ३० टक्के आयात कर शून्य झाला, मोठ्या शहरांतल्या हॉटेलात तो माल असतोय. पण देशातल्या कच्च्या मटणावर जिल्हा, तालुका, गोठा लिहा अशी सक्ती नाही. म्हणजे तुम्ही जे लिहिणार ते स्वतःच्या मर्जीनं, पण एकदा लिहिलं की ते खरं असायला लागतंय. खोटं निघालं तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड आहे. म्हणून माझा नियम साधा आहे, चार मुक्काम चार ओळींत वेगवेगळे लिहायचे, एकात एक मिसळायचे नाहीत.

२. कानातला बिल्ला आणि वही

इथं घाई करू नका, बाकी सगळं यावरच उभं आहे.

बिल्ला म्हणजे ते पिवळं प्लास्टिकचं टॅग, त्यावर १२ अंकी नंबर असतोय, तो सरकारच्या भारत पशुधन प्रणालीवर तुमच्या नावानं चढतोय. आपल्या राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची बाजारात खरेदी-विक्री करायची नाही असा आदेश आहे, त्यात शेळ्या-मेंढ्या पण आल्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, गोठ्यावर येऊन मारून देतात. बाजारात प्रत्यक्षात काय चालतंय ते तुम्ही-आम्ही बघतोच, पण तुम्हाला लेबल लावून विकायचंय ना, मग तुमच्या गोठ्यात बिनबिल्ल्याचं करडू नको.

एक सांगतो, बिल्ला मारला म्हणजे नोंद झाली असं नाही. माझे पहिल्या वर्षी चार बोकड असे होते की कानात बिल्ला होता पण प्रणालीवर नाव दुसऱ्याचंच दिसत होतं, नंबर टाकताना एक आकडा इकडचा तिकडं. मोबाईलवर नंबर टाकून तिथल्या तिथं बघून घ्या, माणूस गोठ्यावर आहे तोवरच. तो गेला की मग चकरा.

आता वही. मोबाईल ॲप आहेत भरपूर, मी दोन वापरून सोडली, गोठ्यात हात शेणामुताचे असतात, मोबाईल कुठं काढत बसणार. दोनशे पानी लांब वही, दोरी बांधून दारालाच अडकवलीय. प्रत्येक जनावराला एक पान. त्यात एवढं तरी पाहिजे :

बिल्ला नंबर (शेवटचे चार आकडे मोठ्या अक्षरात), नर का पाट (मादी), रंग-खूण
आईचा बिल्ला नंबर आणि जन्मतारीख, विकत घेतला असेल तर कुणाकडून, कुठल्या बाजारातून, कधी, किती वजनाचा
महिन्याचं वजन
लस : पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग), आंत्रविषार, लाळ्या खुरकूत, ज्या दिल्या त्या तारखेसकट
औषध दिलं असेल तर नाव, तारीख, आणि कधीपर्यंत कापायचा नाही ती तारीख
गेला कधी, कसा (कापला, विकला, मेला)

औषधाची ओळ लोक सोडतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. अँटिबायोटिक दिल्यावर ठरावीक दिवस ते जनावर कापायचं नसतंय, बाटलीवर विथड्रॉवल पिरियड म्हणून लिहिलेलं असतंय, नसेल तर डॉक्टरांना विचारा आणि ती तारीख लाल पेनानं लिहा. माझी बायको ही वही ठेवते आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे. मी एकदा "जाऊदे दोन दिवसांनी काय होतंय" म्हणलं तर तिनं त्या बोकडाचं दावंच सोडू दिलं नाही.

विकत आणलेल्या जनावरासाठी पावती मागा. हेडी पावती देत नाही, बाजार समितीची पावती मिळते ती तरी जपून ठेवा, तेही नसेल तर विकणाऱ्याचं नाव-गाव आणि बिल्ल्याचा फोटो. सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात गर्दी इतकी असते की घरी आल्यावर कुठला कुणाकडून घेतला ते आठवत नाही, म्हणून टेम्पोत चढवायच्या आधी एकेकाचा फोटो काढतो मी, बिल्ला दिसेल असा.

३. कापायचं कुठं, आणि तिथं बिल्ला हरवतोय तो कसा

विक्रीसाठी कापायचं तर मान्यताप्राप्त कत्तलखान्यातच. रानात बाभळीखाली कापून शहरात पॅकेट विकायचं हे नियमात बसत नाही, गावात वाटे घालायचे ते वेगळं. कत्तलखान्याबाबतचे २००१ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतलं, किंवा जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे अशी शेळी कापता येत नाही आणि पशुवैद्यकानं तपासून योग्य म्हणल्याशिवाय कापायचं नसतंय. तपासणीचा कागद किंवा शिक्का मिळतो तो जपा.

आता खरी अडचण ऐका, ही कुणी सांगत नाही. बिल्ला असतोय कानात. कान मुंडीला. मुंडी पहिल्यांदा वेगळी होते आणि एका कोपऱ्यात दहा मुंड्या पडलेल्या असतात! दहा मिनिटांनी आकड्याला टांगलेलं धड कुठल्या नंबरचं ते देवालाच ठाऊक. मी पहिल्या खेपेला तीन बोकड नेले आणि तीन धडं परत आणली, कुठलं कुठलं ते सांगता येईना, तिन्ही काळेच.

उपाय अगदी साधा. घरूनच प्रत्येकाचा नंबर जाड कार्डावर बॉलपेननं लिहून वरून चिकटपट्टी मारायची, भोक पाडून सुतळी ओवायची, आणि कापणाऱ्या भाऊंना आधीच सांगायचं की कातडी निघाली की मागच्या पायाच्या नळीला हे बांधा. त्यांना पहिल्यांदा हसू येतंय, दुसऱ्या खेपेला तेच मागून घेतात. स्केचपेन वापरू नका, पाण्यानं पुसतंय. तुकडे करतानाही एका वेळी एकच धड ओट्यावर, ते पॅक होऊन क्रेटमध्ये गेलं की मग दुसरं. वेळ जास्त लागतोय, लागू द्या.

तसं बघितलं तर जुनी खाटीक मंडळी हे आपल्या पद्धतीनं करतच होती की. दुकानात टांगलेल्या बोकडाची शेपटी केसासकट आणि आंड तसेच ठेवतात ते कशासाठी? गिऱ्हाइकाला दिसावं की हा बोकडच आहे, मेंढी नाही, शेळी नाही. पॅकेटमध्ये ते दिसत नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

४. कागदपत्रं

लय भिऊ नका, भीती दाखवणारे एजंट जास्त आहेत. मला एका जणानं लायसन काढून देतो म्हणून सहा हजार मागितले होते, ज्या रजिस्ट्रेशनची सरकारी फी वर्षाला १०० रुपये होती.

अन्न नोंदणी : एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा खातं, त्याच्या फॉस्कोस पोर्टलवर. मी काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल आणि कापायचं स्वतःचं असेल तर दिवसाला १० लहान जनावरांपर्यंत नुसती नोंदणी पुरत होती, त्याच्या वर गेलं की लायसन. भरायच्या आधी पोर्टलवर त्या दिवशीची मर्यादा आणि फी बघून घ्या. फोटो, आधार, जागेचा पुरावा एवढ्यावर काम झालं. १४ अंकी नंबर मिळतो, तो लेबलवर आणि बिलावर दोन्हीकडं पाहिजे.

पॅकर म्हणून नोंदणी : हे नवीन माणसाला माहीतच नसतंय. आधीच वजन करून पाकीट बंद करून विकणार असाल तर वैधमापन शास्त्र विभागाकडं (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांखाली नाव नोंदवावं लागतंय, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत, फी ५०० रुपये. गिऱ्हाइकासमोर तोडून, समोर वजन करून देत असाल तर ते पॅकबंद धरत नाहीत. सुरुवात तशी केली तरी चालतंय.

वजनकाटा : इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी, शिक्का आणि प्रमाणपत्र घ्या. सोसायटीतल्या काकू लोक पहिलं तेच बघतात.

जवळ ठेवायची फाईल : नोंदणीच्या प्रती, काट्याचं प्रमाणपत्र, लसीचे कागद, बाजाराच्या पावत्या, कत्तलखान्याचे कागद महिन्यानुसार, आणि प्रत्येक लॉटच्या लेबलचा एक नमुना चिकटवलेला. एक फाईल पुरते.

थंड ठेवायची सोय हा कागद नाही पण त्याच्याशिवाय कागदाला अर्थ नाही. ताजं मटण ० ते ४ अंशात. मी बर्फाच्या पेट्या वापरतो, आत एक थर्मामीटर टाकलेलं असतंय. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको, ४२-४३ अंशात गाडी अर्धा तास सिग्नलला आणि गेटला थांबली की पेटीतला बर्फ पाणी. उन्हाळ्यात मी सकाळी साडेआठच्या आत सगळं वाटून मोकळा होतो, उशिरा ऑर्डर देणाऱ्याला सरळ नाही म्हणतो.

५. लेबल लिहायचं कसं

माझं सध्याचं लेबल असं आहे, तसंच घ्या असं नाही, पण क्रम बघा :

बोकडाचं मटण, कच्चं, हाडासकट
निव्वळ वजन ५०० ग्रॅम
किंमत सर्व करांसह ४०० रुपये, म्हणजे ग्रॅमला ०.८० रुपये
जन्म : आमचा गोठा, ता. उत्तर सोलापूर
वाढ : तिथंच, ११ महिने
कापणी : मान्यताप्राप्त कत्तलखाना, सोलापूर, तारीख
पॅकिंग : आमचं युनिट, तारीख
बिल्ला : शेवटचे चार आकडे, लॉट नंबर
० ते ४ अंशात ठेवा, अमुक तारखेच्या आत वापरा
नाव, पूर्ण पत्ता, फोन, एफएसएसएआय नंबर
मांसाहारी खूण

मांसाहारी खुणेत लोक चुकतात. पूर्वी चौकोनात तपकिरी गोल होता, लेबलिंगच्या २०२० च्या नियमांपासून चौकोनात तपकिरी भरीव त्रिकोण आहे. प्रिंटरवाल्याकडं जुनी फाईल असते, तो गोलच छापून देतो, माझी पाचशे स्टिकरं तशी वाया गेली.

"मटण" एवढंच लिहू नका. मटण म्हणलं की आपल्याकडं शेळी-मेंढी दोन्ही येतंय, त्यामुळं बोकडाचं का मेंढ्याचं ते पहिल्याच ओळीत. मेंढ्याचं मटण काही कमी नाही हो, आमच्या भागात धनगरी मेंढ्याचं मुद्दाम मागणारे लोक आहेत, पण बोकड म्हणून मेंढरू दिलं तर ती फसवणूकच.

किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा दर लिहायचा हा नियम २०२२ पासूनचा आहे. विचित्र दिसतंय, पण लिहा.

६. शब्दांचे सापळे

उस्मानाबादी. हे जातीचं नाव आहे, गावाचं नाही. उस्मानाबादी शेळी नाशिकला वाढली तरी उस्मानाबादीच आणि सोलापूरच्या मातीत वाढलेली बीटल (पंजाबकडची जात) काही उस्मानाबादी होत नाही. गिऱ्हाईक मात्र उस्मानाबादी वाचलं की धाराशिवकडनं आलं असं समजतंय (जिल्ह्याचं नाव २०२३ ला बदललं, शेळीचं कुणी बदललं नाही). म्हणून जात वेगळ्या ओळीत, ठिकाण वेगळ्या ओळीत. आणि क्रॉस असेल तर क्रॉस लिहा. काळा आणि लांब कानाचा दिसला की उस्मानाबादी म्हणून खपवतात, आफ्रिकन बोअरचं रक्त असलेला बोकड पण काळा निघू शकतोय.

गावरान. याची पक्की व्याख्याच नाही, म्हणून सगळे लावतात. मी काढून टाकला तो शब्द. त्याऐवजी "दिवसा रानात चराई, संध्याकाळी कडबा आणि मका भरडा" असं लिहितो, लांबतंय पण खरं आहे. बंदिस्त गोठा असेल तर बंदिस्त लिहा, त्यात लाजायचं काय.

ऑरगॅनिक. प्रमाणपत्र नसेल तर हात लावू नका. त्यासाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत, जैविक भारत नावाची खूण आहे. "आम्ही रासायनिक खत टाकत नाही" म्हणजे तुमचं मटण ऑरगॅनिक झालं असं नसतंय.

लोकल. सोलापूर जिल्हा केवढा आहे, करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत. लोकल लिहिण्यापेक्षा तालुका लिहा.

आणि फोटो. लेबलवर इंटरनेटवरचा हिरव्यागार कुरणातला पांढरा बोकड टाकू नका राव. आपल्याकडं एवढं हिरवं श्रावणात सुद्धा नसतंय. हसतात लोक.

७. माल कमी पडला तर (माझी चूक)

आखाड २०२३. शहरात आखाडात काय मागणी असते माहितीच आहे, श्रावण लागायच्या आत सगळ्यांना पाहिजे. माझ्याकडं कापण्यासारखे नऊ बोकड आणि ऑर्डर चौदाची. नाही म्हणायला जिवावर आलं, नवीन नवीन गिऱ्हाईक तुटेल अशी भीती. एका हेड्याकडनं पाच आणले, चांगलेच होते, आणि पिशवीवर स्टिकर कुठलं लावलं? घरात होतं तेच, "आमच्या गोठ्यात जन्मलेला आणि वाढलेला".

होटगी रोडला एक रिटायर मास्तर आहेत, ते पाकीट घेतात आणि वाचतात. दोन आठवड्यांत घेतलेल्या पाकिटांवरचे बिल्ल्याचे आकडे त्यांनी बघून ठेवले होते, रात्री मेसेज आला, "तुमच्या गोठ्यातले नंबर सगळे एका ओळीतले दिसतात, हा वेगळाच कसा काय?" मी काहीतरी थाप मारली. ते म्हणले, "असं आहे होय, बरं बरं की ओ." बास. पुढचे चार महिने त्यांची ऑर्डर नाही, आणि त्यांच्या ओळखीनं आलेल्या सात घरांची पण नाही. मटण चांगलंच होतं त्या दिवशीचं, कुणी चवीची तक्रार केली नाही.

मग जाऊन सांगून टाकलं त्यांना. आता माझ्याकडं दोन रंगांची स्टिकरं आहेत. घरचा बोकड असेल तर हिरवं. बाहेरून आणलेला असेल तर पिवळं, त्यावर "खरेदी : अमुक गाव किंवा बाजार, तारीख, आमच्याकडं इतके दिवस". जन्म कुठला ते माहीत नसेल तर "जन्म : नोंद नाही" असं सरळ छापतो. सुरुवातीला वाटलं पिवळं कोण घेणार, पण घेतात, भाव किलोला थोडा कमी ठेवतो. आखाडात पिवळं पण संपतंय.

ऑर्डर घेताना आता आधीच सांगतो की हिरवं एवढंच आहे.

८. शेजाऱ्याचा बोकड घेताना

बाहेरून आणण्यापेक्षा शिवारातल्या पाच-सहा शेळीवाल्यांशी जमवून घेतलं तर नोंद पण राहते आणि पैसा पण इथंच राहतो. बहुतेकांकडं दोन-तीन शेळ्या असतात, बायकाच बघतात, आणि अडीनडीला, पोराच्या फीला, दवाखान्याला विकायची वेळ येते तेव्हा हेडी येऊन कंबरेवर हात दाबून अंदाजानं उक्तं मागतो. अंदाज त्याचा पक्का असतोय, आपला नाही. मी टांगायचा काटा घेऊन जातो आणि जिवंत वजनावर घेतो, पैसे तिथंच, आणि शक्य असेल तर जिनं सांभाळला त्या ताईच्याच खात्यावर.

वजन सकाळी, चारा-पाण्याच्या आधी. मीठ चारून पाणी पाजून दोन किलो वाढवायची युक्ती सगळ्यांना येते, बाजारात तर सर्रास.

हिशोब एकदा करून बघा म्हणजे मोह कुठून येतो ते कळतंय. समजा २५ किलोचा बोकड, जिवंत ४०० रुपये किलोनं घेतला, १०,००० झाले. त्याचं मटण ११ ते १२ किलो. ८०० नं १२ किलो म्हणजे ९,६००. म्हणजे नुसत्या मटणात आपण तोट्यातच! मुंडी, पाया, वजडी, कलेजी यांवर गाडी नफ्यात येते, आणि त्यातून कापणावळ, बर्फ, पेट्रोल, पिशव्या. हातात राहतात ते थोडेच. म्हणून लोक कुठला तरी स्वस्तातला बोकड आणून गावरानचं स्टिकर मारतात. मी काय करतो, घरच्या आणि शेजारच्या मालाला किलोला थोडे जास्त लावतो आणि का जास्त ते विचारणाऱ्याला हाच हिशोब दाखवतो. दहातले सहा घेतात, चार जातात.

शेजाऱ्याकडनं घेतलेल्यावर लेबल : "जन्म आणि वाढ : शेजारची वस्ती, गावाचं नाव". माणसाचं नाव टाकायच्या आधी त्याला विचारा. एका ताईंनी नको म्हणलं, कारण भावकीला कळेल बोकड विकला ते.

९. घेणाऱ्यांसाठी थोडं

हे वाचणाऱ्यांत विकणारे कमी, खाणारे जास्त असणार. तुम्ही एवढंच करा. पाकीट घेताना १४ अंकी नंबर आहे का बघा, पॅकिंगचं गाव आणि वाढीचं गाव वेगवेगळं लिहिलंय का बघा, आणि बिल्ला नंबर विचारा. दुकानात घेत असाल तर टांगलेल्या धडाची शेपटी बघा, बोकडाची आखूड आणि वर वळलेली, मेंढीची खाली लोंबती. "कुठला बोकड आहे मामा?" एवढं विचारलं तरी चांगला खाटीक खूश होऊन सांगतो, बाजारासकट. पॅकबंद मालावरची माहिती खोटी वाटली तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, पाकीट फेकू नका, फोटो काढून ठेवा.

आणि रविवारी सकाळी दहाला फोन करून "दोन किलो पाठवा, नळी जास्त" असं म्हणू नका. शुक्रवारी संध्याकाळी सातच्या आत मी ग्रुपवर टाकतो, किती हिरवं, किती पिवळं, कुठल्या गावचं, बिल्ल्याचे आकडे. कापायला शनिवारी पहाटे निघतो, त्यामुळं शुक्रवारी रात्री नऊनंतर आलेली ऑर्डर पुढच्या आठवड्याची.